काल काय जेवलो?

सकाळी चहाच्या आधी अण्णांना विचारायचा पहिला प्रश्न ठरलेला असे: काल रात्री काय जेवलो? ते ओटीवर भिंतीला टेकून बसलेले असत आणि मी समोर, शाळेची वही मांडीवर घेऊन. प्रश्न सोपा वाटतो. पण आमच्या घरी कालचं जेवण आठवायला स्मरणशक्ती लागतच नसे, कारण परवाही तेच झालेलं असे आणि उद्याही तेच होणार असे: तांदळाची भाकरी, वालाची आमटी, असलीच तर भाजलेली सुकट. अण्णा डोळे मिटून "वाल" म्हणत आणि मी वहीत बरोबरची खूण करी. आठवड्याभराने ही गोष्ट आईच्या लक्षात आली. त्या दिवसापासून रात्रीच्या ताटात रोज काहीतरी वेगळं येऊ लागलं. कधी शेवग्याचा पाला, कधी कच्च्या केळ्याची भाजी, कधी दडपे पोहे, कधी परसातल्या अळूचं फदफदं. तिच्याकडे वेगळं करण्याजोगं फार काही नव्हतं. तरीही सकाळी उठल्यावर नवऱ्याला आठवायला काहीतरी असावं म्हणून ती दुपारपासून विचार करत बसायची. मला तेव्हा वाटे, आई हल्ली हौसेने स्वयंपाक करते.

आई गेल्याला आता वर्ष होईल. मी लिहिणार आहे ती गोष्ट आम्हा दोघींनाच ठाऊक होती आणि दोघींनी ती कधी उच्चारली नाही. आता मी एकटी उरले आहे, म्हणून लिहिते आहे.

अण्णा पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणी करत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. माती मळणारे, साच्यातून काढणारे, अंगाचा रंग देणारे असे बरेच जण कारखान्यात असत, हमरापूर-जोह्याकडून रोज एसटीने येणारेही असत, पण डोळ्यांना हात लावणारे अण्णा एकटेच. खारीच्या शेपटीच्या केसांचा बारीक कुंचला, काळ्या रंगाची वाटी आणि गुडघ्यावर टाकलेलं फडकं. एरवी कारखान्यात माती कुटण्याचा धप्प धप्प आवाज दिवसभर चाले. त्या आवाजावरच मी लहानपणी दुपारची झोपत असे. अण्णा बुबुळ काढायला बसले की जवळपासची माणसं आपोआप हळू बोलत. ते श्वास रोखत, एक रेघ ओढत, श्वास सोडत. मला पुढे आयुष्यात पुष्कळ एकाग्र माणसं भेटली, मोठे विद्वानही भेटले, पण एका श्वासात मावेल एवढंच काम करणारं दुसरं कोणी भेटलं नाही.

त्यांनी आखलेले डोळे शेवटपर्यंत बिघडले नाहीत. त्यामुळेच कारखान्यात कोणाला काही कळलं नाही. कळलं ते घरात. हातातला कुंचला ते सगळीकडे शोधू लागले. एकच निरोप आईला तीनदा सांगू लागले. एकदा बाजारातून मीठ आणायला गेले आणि अंधार पडताना रिकाम्या हाताने परत आले. कुठे होतात विचारलं तर म्हणाले, गल्ली सापडत नव्हती. ते तेव्हा पन्नाशीचेही नव्हते. वैद्यांनी ब्राह्मीचं तेल दिलं, रात्री भिजवून सकाळी सोललेले चार बदाम सांगितले, ऊन टाळा म्हणाले. अण्णा बदाम माझ्या हातावर ठेवत आणि म्हणत, तुझी परीक्षा हाय, तू खा.

एका दुपारी आम्ही दोघं मोड आलेले वाल सोलत बसलो होतो. कोमट पाण्यात वाल चिमटीत धरून दाबला की सालातून सुळकन बाहेर येतो. ते काम त्यांना आवडायचं. ते एकेक वाल परातीत टाकत होते. मग परातीकडेच बघत म्हणाले, "शालू, माझं डोकं कुठंतरी गळतंय गो. कुठं ते मला सापडत नाय. तू हुशार हायस, तू शोध."

मी आठवीत होते. हुशार होते हेही खरं, आणि आपण हुशार आहोत हे मला जरा जास्तच माहीत होतं. शाळेच्या ग्रंथालयात बुद्धी तल्लख करण्याच्या उपायांचं एक जाड पुस्तक होतं. त्याचा पुठ्ठा निघालेला होता आणि पहिली काही पानं नव्हती, त्यामुळे ते कोणी लिहिलं हे मला कधीच कळलं नाही. मी ते घरी आणलं आणि त्यातले उपाय वहीत उतरवले. पाढे उलटे म्हणावेत. डावा हात वापरावा. रोज निराळ्या वाटेने चालावं. झोपण्याआधी दिवस शेवटापासून सुरुवातीपर्यंत आठवावा. ओळीने नावं पाठ करावीत. दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांची मास्तरीण झाले.

ते आज्ञाधारक विद्यार्थी होते. डाव्या हाताने केस विंचरत, डाव्या हाताने सदऱ्याची बटणं लावत, आणि काजं चुकली की स्वतःच हसत. डाव्या हाताने जेवायचं मात्र त्यांनी साफ नाकारलं. पावकी आणि निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याच्या पाढ्यांची उजळणी, त्यांना लहानपणापासून येत होती, ती ते उलटीसुद्धा म्हणू शकत. ते ऐकून मी हुरळून जात असे. आज कळतं, जुनं ते सगळं शाबूत होतं. गळत होतं ते नवं, वरचं, कालचं. पण पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं.

निराळ्या वाटेचा उपाय मी सगळ्यात मनापासून केला. कारखान्यात जायचा त्यांचा रस्ता वीस वर्षं एकच होता. तो त्यांच्या पायांना ठाऊक होता, डोक्याला विचारावं लागत नसे. मी तोच मोडला. रोज त्यांना नव्या आळीतून नेऊ लागले, तळ्याच्या काठाने, भाजीबाजाराच्या मागून. ते माझ्या मागे मागे येत आणि मी मधेच थांबून विचारी, आता कुठे वळायचं? ते चारी बाजूंना बघत. मग माझ्याकडे बघत. त्यांच्या पायांना जी एक वाट पक्की होती, तीही त्या दोन महिन्यांत मी पुसून टाकली.

हल्ली माझ्या मोबाइलवर कोणी ना कोणी असेच उपाय पाठवतं. शब्दकोडी सोडवा, अक्रोड खा, दात डाव्या हाताने घासा. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. मी कोडी सोडवते, पेनने सोडवते, आणि बहुतेक वेळा खाडाखोड होत नाही. माझी स्मरणशक्ती या वयातही चांगली आहे असं सगळे म्हणतात. ती कुठे तयार झाली हे मी कोणाला सांगत नाही. रोज सकाळी अण्णांना विचारायच्या चाळीस प्रश्नांची चाळीस उत्तरं आधी मला पाठ करावी लागत. त्या व्यायामाने एकाच माणसाची बुद्धी तल्लख झाली, आणि ती त्यांची नव्हती.

मी त्यांना सांगायला कधी सुरुवात केली ते नेमकं आठवत नाही. मुद्दाम केली नाही एवढं खरं. ते अडले की त्यांच्या कपाळावरची शीर ताठ व्हायची, बोटं धोतराच्या काठाशी चाळा करू लागायची, आणि मला ते बघवत नसे. माझे ओठ आपोआप हलत. आवाज नाही, नुसता आकार. एके दिवशी त्यांनी तो आकार पकडला आणि उत्तर दिलं. मी बरोबरची खूण केली. ते इतके खूश झाले की आईला हाक मारून सांगितलं. त्यानंतर ते उत्तर शोधायला डोळे मिटेनासे झाले. प्रश्न विचारला की ते माझ्या तोंडाकडे बघत. आमच्यात याबद्दल एक शब्द झाला नाही. वही बरोबरच्या खुणांनी भरत गेली.

ओळीने पाठ करायच्या नावांत मी रोह्याच्या एसटीचे थांबे घेतले होते. पेण, वडखळ, नागोठणे, खांब, कोलाड, रोहा. त्याला कारण होतं. अण्णांची मोठी बहीण, माझी आत्या, रोह्याला दिली होती. त्यांची आई लहानपणीच वारल्यामुळे आत्यानेच त्यांना वाढवलं होतं. दर वर्षी तिच्या घरचा गणपती अण्णा पेणहून स्वतः मांडीवर घेऊन जात, आणि त्या एका मूर्तीचे डोळे ते कारखान्यात आखत नसत. मूर्ती कोरी न्यायची, आत्याच्या ओटीवर पाटावर ठेवायची आणि चतुर्थीच्या आधी तिच्या समोर बसून डोळे काढायचे. आत्या तेवढा वेळ हातात दिवा धरून उभी राही, भर दिवसासुद्धा. ही रीत दोघांनी कधी पाडली कोण जाणे.

थांब्यांची नावं मी ओठांवर दाखवू शकत असे. वडखळचा व दिसतो, नागोठण्याचा गो दिसतो, कोलाड आणि रोह्याला ओठ गोल होतात. पण खांबचा ख घशात असतो, तो ओठांवर दिसत नाही, शेवटी नुसते ओठ मिटलेले दिसतात. अण्णा नागोठण्यापर्यंत येत आणि तिथे अडत. म्हणून तेवढं एकच नाव मी त्यांच्याकडून खरोखर घोकून घेतलं. येता जाता विचारी, नागोठण्याच्या पुढे काय? पाणी भरताना, वाल सोलताना, ते चपला घालत असताना. खांब, खांब, खांब. पंधरा दिवसांत ते नाव असं पक्कं बसलं की पुरे होईल असं मला वाटलं.

त्या वर्षी भाद्रपद लागला तशी आईने अण्णांबरोबर कोणीतरी जावं असं काढलं. कोणीतरी म्हणजे मी. अण्णा दुखावले. हात धरून न्यायला मी काय आंधळा झालो, असं म्हणाले आणि ताटावरून उठले. मग हात धुऊन आल्यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि आईला म्हणाले, हिला विचार, परीक्षा ही घेते ना. आई चुलीपुढे बसली होती. तिने फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे वळली.

"शालू, खरं सांग. जातील ना एकटे?"

मी म्हटलं, "जातील. सगळं बरोबर सांगतात."

"बघ," अण्णा म्हणाले, "मास्तरणीचा दाखला मिळाला. आता तुझी सही तेवढी रायली."

आई हसली. फार दिवसांनी हसली.

आता राहिलेलंही लिहायला हवं. ज्या दिवशी त्यांना जायचं होतं, त्याच दिवशी शाळेत पाठांतराची स्पर्धा होती. साठ श्लोक न अडखळता म्हणायचे होते आणि माझे पाठ झाले होते. अण्णांना नाही जमणार असं मी म्हटलं असतं, तर मला त्यांच्याबरोबर रोह्याला जावं लागलं असतं. मी हो म्हटलं तेव्हा हे माझ्या मनात होतं का, हे मी आयुष्यभर स्वतःला विचारत आले. होतं.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी सकाळच्या गाडीने ते निघाले. मूर्ती लहानच होती, दीड वितीची. पेंढा घातलेल्या टोपलीत ती ठेवून आईने वरून धुतलेलं पातळ बांधलं. कुंचला आणि रंगाची डबी अण्णांच्या खिशात. मी स्थानकापर्यंत गेले. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून माझ्याकडे बघितलं, आणि मी सवयीने ओठांनी म्हटलं, वडखळ. त्यांनी मान हलवली. मी तिथूनच शाळेत गेले. स्पर्धेत पहिली आले. बक्षीस म्हणून शाईचं पेन मिळालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोह्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरने घरी निरोप आणला. आत्या विचारते, गणपती अजून का नाही आला? आईने तो निरोप उंबऱ्यावर उभं राहून ऐकला. तिने अर्धवट भिजलेलं पीठ तसंच झाकून ठेवलं आणि म्हणाली, चल. मला वाटलं होतं ती माझ्यावर ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही प्रत्येक थांब्यावर उतरून विचारत गेलो. पाऊस धरून होता. वडखळला कोणी बघितलं नव्हतं. नागोठण्याला आदल्या दिवशीच्या गाडीचा कंडक्टर भेटला, त्याला अण्णा आठवत होते. म्हातारे नव्हते पण म्हाताऱ्यासारखे बसले होते, म्हणाला, सारखं काहीतरी पुटपुटत होते. तिकीट रोह्याचं होतं. पण खांब आलं तसं स्वतःच मोठ्याने खांब म्हणाले आणि टोपली घेऊन उतरले. "मी बोललो बाबा, रोहा लांब हाय अजून. तर मला बोलतात, मला माझं गाव कळत नाय काय?"

माझ्या मेहनतीने त्यांच्या डोक्यात एकच गाव राहिलं होतं.

खांबला रस्त्यापासून आत, भातखाचरांच्या कडेला एक घर होतं. ओटीवर एक म्हातारी बसली होती आणि तिच्यामागे पाटावर आमचा गणपती. त्याला डोळे होते. अण्णांनी आदल्या दिवशी त्याच ओटीवर बसून ते आखले होते. मी त्यांच्या हातचे हजारो डोळे पाहिले आहेत, पण तितके शांत डोळे दुसरे पाहिले नाहीत. म्हातारीने आम्हाला बसायला सांगितलं आणि संथपणे सगळं सांगितलं. तिचा कर्ता मुलगा आषाढात गेला होता, त्यामुळे त्या वर्षी घरात गणपती आणायचा नव्हता. हा माणूस सरळ आत आला, ताई म्हणाला, पाट मागितला. तिने ओळख विचारली तर म्हणाला, दिवा धर.

"भाऊ म्हनून आला," ती म्हणाली, "त्याला मी नाय म्हनू कशी? मी धरला दिवा."

डोळे आखून झाल्यावर तिने त्यांना भाकरी वाढली. ते जेवले, हात धुतला, आणि पेणला जातो म्हणून निघाले. तिच्या नातवाने त्यांना रस्ता दाखवला होता. पण ते रस्त्याच्या उलट, डोंगराकडे गेले. मूर्ती नेता का, असं तिने आईला विचारलं खरं, पण विचारताना तिचा हात पाटावरच होता. डोळे उघडलेला देव आता कसा हलवायचा, आई म्हणाली, ठेवा तुमच्याकडेच.

चतुर्थीच्या दिवशी दुपारी अण्णा सापडले. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी होती. तिथल्या एका म्हाताऱ्याला ते ओढ्याच्या काठी चिखलात बसलेले दिसले होते. त्याने त्यांना झोपडीत आणून घोंगडी दिली, पेज पाजली. तळपाय फाटले होते, अंगात ताप होता. खिशात कुंचला तसाच होता. तो म्हातारा आमच्याबरोबर रस्त्यापर्यंत चालत आला आणि आईला सांगत होता, "नाव इचारलं, गाव इचारलं, तं काय बोललाच नाय. नुसता माझ्या तोंडाकडं बघत रायला."

आई पुढे चालत होती. ती थांबली नाही, पण तिची मान थोडी वळली, माझ्या बाजूला.

त्यानंतर वही बंद झाली. ती चुलीत घातली की कुठे गेली, मी विचारलं नाही. सकाळचा प्रश्नही संपला, आणि आई पुन्हा रोज वालाची आमटी करू लागली. अण्णा परत कारखान्यात गेले नाहीत. आखणीला जोह्याचा दुसरा माणूस आला. अण्णा ओटीवर बसत. समोर कोणी आलं की त्याच्या तोंडाकडे बघत, कोणीतरी काहीतरी सांगेल अशा नजरेने. लोकांना वाटे, आता त्यांना ऐकू कमी येतं. ते मोठ्याने बोलत. मी मात्र त्यांच्यासमोर ओठ मिटून वावरायला शिकले. बोलायचं असलं तर मान फिरवून बोले. पदराने तोंड पुसायची सवय मला तेव्हा लागली, ती अजून आहे.

असे चार पावसाळे गेले. शेवटच्या वर्षी ते अंथरुणावरच होते. आता फार दिवस नाहीत असं वैद्यांनी सांगितल्यावर आत्या रोह्याहून आली. ती दिवसभर त्यांच्या उशाशी बसे आणि त्यांना जुन्या गोष्टी सांगे. त्यातलं थोडं त्यांना कळत असावं. एका सकाळी तिने मला पुढे ओढलं आणि त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "भाऊ, ही कोण रे? सांग बघू, ही कोण?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांकडे नाही. ओठांकडे. कपाळावरची ती शीर ताठ झाली आणि बोटं चादरीच्या काठाशी चाळा करू लागली. मी चार वर्षं पाळलेला नेम मला आठवत होता. खांबची ओटी आठवत होती. आत्या आशेने वाकून बसली होती. ते वाट बघत राहिले, घाई न करता, मी कधी ना कधी सांगेन हे ठाऊक असल्यासारखे.

माझे ओठ हलले. आवाज नाही, नुसता आकार.

"शालू," अण्णा म्हणाले.

आत्या रडायलाच लागली. "ओळखलं गो वैनी, ओळखलं त्यानं. लेकीला नाय विसरला." पुढे ती जगली तोवर हे प्रत्येकाला सांगत राहिली. अण्णांच्या बाराव्यालाही सांगितलं, माझ्या लग्नातही सांगितलं. ज्यांना सांगितलं ते माझ्याकडे बघून मान हलवत, आणि मीही हलवी.

आई तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने माझ्या ओठांकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. अण्णा हसत होते, बरोबर उत्तर दिल्यावर हसत तसे. मग आई उतू जाणारी पेज उतरवायला आत गेली.